लवंगेची खळ

चिठ्ठीची घडी उलगडली आणि लवंगेचा वास आला. दाढी अर्धीच झाली होती. उजव्या गालावर साबण तसाच होता, गळ्याभोवती ॲम्ब्रोजचं पांढरं फडकं होतं आणि ॲम्ब्रोज वस्तऱ्याला धार लावायला पाठमोरा झाला होता. तेवढ्या सवडीत जज्ज इफ्रेम वेदरल यांनी दर तीन वर्षांनी याच खुर्चीत, ऑक्टोबरातल्या अशाच मंगळवारी करायचं ते काम हाती घेतलं होतं. जाकिटाच्या खिशातून पक्षाने आपल्या उमेदवारांची नावं छापून वाटलेली मतचिठ्ठी काढायची, ॲम्ब्रोजच्या कानावरची पेन्सिल मागून घ्यायची, छापील नावांच्या रांगेत आपलं नाव शोधायचं, ते खोडायचं आणि शेजारी विरुद्ध पक्षाच्या उमेदवाराचं नाव लिहायचं. आपलं मत आपल्यालाच देणं म्हणजे चारचौघांत आपणच आपली पाठ थोपटणं, असं त्यांचं मत होतं. अठरा वर्षांत सहा निवडणुका झाल्या. सहाही वेळा त्यांनी स्वतःविरुद्ध मत दिलं आणि सहाही वेळा ते निवडून आले. आज मात्र खोडायला नावच नव्हतं. ‘प्रोबेट जज्ज’ या शब्दांपुढे, जिथे ‘इफ्रेम एल. वेदरल’ असायला हवं होतं तिथे, बोटभर लांबीची एक कागदी पट्टी चिकटवलेली होती. पट्टीवर नाव होतं ऑगस्ट क्लाइनहान्स. ते विरुद्ध पक्षाच्या चिठ्ठीतून कात्रीने सरळ कापून काढलेलं होतं. कड कुठेही उचललेली नव्हती. जज्जसाहेबांनी चिठ्ठी नाकाशी नेली आणि पुन्हा घडी केली.

“पेन्सिल हवी ना, जज्जसाहेब?” ॲम्ब्रोजने विचारलं.

त्यांनी मान हलवली. ती हो म्हणून हलवली की नाही म्हणून, हे त्यांचं त्यांनाच कळलं नाही. नावावर पट्टी चिकटवणं हा काही गुन्हा नव्हता. पक्षाची चिठ्ठी पसंत, पण एखादा माणूस नापसंत, असं झालं की लोक पट्टी चिकटवत. दर निवडणुकीत पाच-पन्नास चिठ्ठ्या तशा निघायच्या. पण ते लोक पट्टी जिभेने ओली करून लावत, नाहीतर दुकानातल्या बाटलीतला डिंक वापरत. हार्लन्सबर्गमध्ये, किंबहुना अख्ख्या ओहायोत, पिठाच्या खळीत लवंगेचं तेल घालणारी बाई एकच होती, त्यांची बायको लव्हिना. वाटीभर पीठ, चिमूटभर तुरटी आणि खळ आंबू नये म्हणून तेलाचे दोन थेंब. जवळपास चाळीस वर्षं त्या खळीने लव्हिनाने नवऱ्याचं आयुष्य चार जाडजूड वह्यांमध्ये चिकटवलं होतं. पहिल्या खटल्याची पेपरातली चार ओळींची बातमी त्यात होती. कोलंबसच्या विधानसभेतलं त्यांचं एकमेव गाजलेलं भाषण होतं. मेंढ्या मारणाऱ्या कुत्र्यांवर कर बसवावा, असं ते भाषण होतं, आणि त्यापायी कुत्री पाळणाऱ्या तमाम मतदारांनी त्यांना पुढच्याच निवडणुकीत घरी बसवलं होतं. तेव्हा एका पेपराने कुत्रा जज्जसाहेबांच्या कोटाचं शेपूट धरून पळतोय असं चित्र छापलं होतं. तेही लव्हिनाने चिकटवलं. वर म्हणाली होती, स्तुती तेवढी ठेवली तर वही खोटी होईल. युद्धात ते रसदीचे कॅप्टन होते. तिथून आलेल्या पत्रांचेही तुकडे वहीत होते. वही उघडली की पहिल्यांदा लवंगेचा वास यायचा. मग आपण खरंच इतकं काही केलं आहे, असं वाटायचं.

काल संध्याकाळीही तोच वास आला होता. पक्षाचं काम बघणारा पोस्टमास्तर टोबायस मिंक दोन हजार चिठ्ठ्यांचा गठ्ठा नेहमीप्रमाणे त्यांच्या घरी टाकून गेला होता. छापखान्यातून चिठ्ठ्या सपाट येत. त्यांच्या घड्या घालायचं काम अठरा वर्षं लव्हिनाकडे होतं. जेवणाच्या टेबलावर दिवा ठेवून ती बसायची आणि अंगठ्याच्या नखाने एकेक घडी दाबायची. काल जज्जसाहेब शेजारच्या खोलीत शेगडीपाशी बसले होते. लवंगेचा वास आला तेव्हा त्यांना वाटलं, सकाळच्या पेपरात आलेली आपली तारीफ ती वहीत चिकटवते आहे. गेल्या वसंतापासून तिने वहीला हात लावला नव्हता, हे त्यांच्या लक्षात आलेलं होतं. विचारायचं मात्र त्यांनी टाळलं होतं. म्हणून काल बरं वाटलं होतं. बरं वाटून ते शेगडीपाशीच पेंगले होते. आणि इकडे दोन हजार चिठ्ठ्या, खळीची वाटी आणि कात्री एकाच टेबलावर होती.

“साबण वाळतोय,” ॲम्ब्रोज म्हणाला. “बरं वाटत नाही का?”

“चालू दे,” जज्जसाहेब म्हणाले.

बाहेर पडले तेव्हा ऊन लख्ख होतं आणि कोर्टासमोरच्या मेपलची पानं पायाखाली चुरत होती. मत द्यायची जागा दोन गल्ल्या पलीकडे होती, अग्निशमनाच्या बंबाची खोली. दुकानांच्या दारातून लोक हात वर करत होते, टोपी उचलत होते. जज्जसाहेबही टोपी उचलत होते. रागाला सुरुवात हातापासून झाली. चिठ्ठीचा खिसा त्यांनी इतक्या जोराने दाबून धरला होता की बोटं दुखायला लागली. घर फिरलं की घराचे वासेही फिरतात, असं म्हणतात. पण इथे घर तर सकाळी दारात उभं होतं, त्याने गळ्यातली टाय नीट केली होती, खिशात चिठ्ठी घातली होती आणि खिशावरून तळवा फिरवला होता. दोन हजार. निदान हजार तरी. उत्तरेकडचे जर्मन शेतकरी दुपारी गाड्या जोडून येतात. त्यातल्या निम्म्यांना इंग्रजी वाचता येत नाही. टोबायसने हातात दिलेली चिठ्ठी ते जशीच्या तशी मतपेटीच्या खिडकीत सरकवतात. ते वेदरलला म्हणून मत देतील आणि ते जाईल क्लाइनहान्सला. ही शुद्ध फसवणूक होती. टोबायसच्या कानात एक शब्द घातला असता तर त्याने अख्खा गठ्ठा बंबाच्या भट्टीत घालून छापखान्यातून नवा आणला असता. पण तो पहिला प्रश्न विचारेल, कुणी केलं? लव्हिना लॉकरिज वेदरल, वय अठ्ठावन्न, माझी बायको, असं उत्तर त्याला कसं द्यायचं?

का, हा प्रश्न त्यांनी अजून मनात येऊ दिला नव्हता. तो येणार हे माहीत असल्यासारखे ते भराभर चालत होते, आणि बेकरीच्या दारापाशी ताज्या पावाचा वास आला तेव्हा त्यांना थांबावं लागलं. पाव. लव्हिना बुधवारी पाव भाजायची. सोमवारी धुणं, मंगळवारी इस्त्री, बुधवारी पाव. सगळ्या गावाचं असंच होतं. सप्टेंबरात एका आठवड्यात तिचं बोट भाजलं म्हणून पाव एक दिवस पुढे गेला. त्या दिवशी जज्जसाहेब घरातून निघाले तेव्हा स्वयंपाकघरात पावाचा वास दरवळत होता, म्हणून त्यांच्या डोक्यात बुधवार पक्का बसला. कुणाच्याही बसला असता. कोर्टात त्या दिवशी वेडाची चौकशी होती. मृत्युपत्रं, पोरक्या मुलांचे पालक आणि लग्नाचे परवाने यांच्या जोडीला तेही प्रोबेट जज्जचंच काम. हुल्डा ड्रेसबाख नावाची एक विधवा होती. तिच्या दिराने तक्रार केली होती की ती एकटीच बोलते आणि कोंबड्यांना माणसांची नावं ठेवते. जज्जसाहेबांचे प्रश्न अठरा वर्षं तेच होते. महिना कोणता, गव्हर्नर कोण, अडीच डझन अंडी म्हणजे किती, आज वार कोणता. बाईने महिना सांगितला, गव्हर्नर सांगितला, अंडी सांगितली आणि वर ती हल्ली काय भावाने जातात तेही सांगितलं. वार गुरुवार म्हणून सांगितला. जज्जसाहेबांनी खेदाने मान हलवली. बाई, आज बुधवार आहे, असं त्यांनी मृदू आवाजात सांगितलं. तिने खिडकीबाहेर पाहिलं आणि पुन्हा म्हणाली, गुरुवार. कारकुनाने बुधवार लिहिलं. डॉक्टरने आपल्या दाखल्यावर बुधवार घातला. दोन साक्षीदारांनीही बुधवारखाली सह्या केल्या. जज्जसाहेब म्हणतात म्हणजे बुधवारच असणार. भरल्या कोर्टात आज वार कोणता हे फक्त वेडी ठरलेल्या बाईला माहीत होतं.

स्टेशनवर तिचं तिकीट काढताना शेरीफने भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं, म्हणून ती वेड्यांच्या सरकारी इस्पितळात जायची वाचली. निरोप आला तेव्हा जज्जसाहेब टोपी न घालताच स्टेशनवर धावले. ती बाकावर बसली होती, मांडीवर गाठोडं, आणि दिराने घालायला दिलेला काळा झगा तिला दोन बोटं मोठा होत होता. त्यांनी सगळ्यांसमोर माफी मागितली. आदेश तिथेच फाडला. हुल्डाबाईने त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं, तिच्या नजरेत राग नव्हता. मग म्हणाली, “असू द्या, जज्जसाहेब. आमच्या यांनाही शेवटी शेवटी असंच व्हायचं.”

घरी जेवताना त्यांनी ही गोष्ट लव्हिनाला गंमत म्हणून सांगितली. चेहरे करून, डॉक्टरची नक्कल करून सांगितली. गोष्ट रंगवण्यात त्यांचा हात धरणारा जिल्ह्यात कुणी नव्हता. लव्हिना हसली नाही. उठली आणि त्यांच्या कपात कॉफी ओतली, कप भरलेला असताना. शेवटचं वाक्य त्यांनी सांगितलंच नव्हतं. पण रविवारी चर्चमध्ये हुल्डा ड्रेसबाख त्यांच्याच मागच्या बाकावर बसते, आणि बायका प्रार्थना संपल्यावर पायऱ्यांवर तासभर उभ्या राहतात. एक वार चुकला म्हणून कुणी म्हातारं होत नाही. पण मेमध्ये लग्नाच्या एका परवान्यावर नवरीच्या जागी त्यांनी लव्हिना लॉकरिज लिहिलं होतं. नवरी हसली होती, नवराही हसला होता, कारकुनाने नवा कागद पुढे केला होता. जुलैत पोस्टातून निघाले आणि आपलं घर कोणत्या हाताला हे आठवेना, तेव्हा बूट सैल झाल्याचा बहाणा करून पायरीवर बसून राहिले होते. ते कुणी पाहिलं नव्हतं. म्हणजे त्यांना तसं वाटत होतं. आता बेकरीच्या दारात उभं राहून त्यांना वाटलं, की लव्हिनाने ते सगळं पाहिलं असणार. वहीत नाही चिकटवलं, एवढंच.

आणि मग नको असलेली आठवण आलीच. एकोणचाळीस वर्षांपूर्वीचं कोर्ट, तीच इमारत. लव्हिनाचे वडील, वकील हिरम लॉकरिज, उभे राहिले. इफ्रेम तेव्हा चोवीस वर्षांचा. त्याला नुकतीच सनद मिळाली होती, तो त्यांच्या हाताखाली काम शिकत होता आणि शेजारी कागद धरून बसला होता. खटला डुकरांच्या चोरीचा होता. लॉकरिज बोलू लागले ते एका शेताच्या बांधाबद्दल. त्या बांधाचा वाद वीस वर्षांपूर्वीच मिटला होता. दोन्ही पक्षकार मेले होते. बोलत मात्र होते सुंदर, आयुष्यात बोलले नव्हते इतकं सुंदर. न्यायाधीश खाली बघत होते, पंच खाली बघत होते, इफ्रेमही खाली बघत होता. मागे कुणीतरी एकच माणूस हसला. कुणीतरी धावत जाऊन घरी सांगितलं असावं, कारण दार उघडलं आणि लव्हिना आत आली, एकोणीस वर्षांची, हातावर पीठ, कमरेला तसाच एप्रन. वकिलांच्या जागेभोवतीच्या कठड्याच्या आत तोवर कधी बाई आली नव्हती. ती आली आणि तिने वडिलांचं कोपर धरलं. “बाबा, जेवण तयार आहे,” ती म्हणाली. तेव्हा सकाळचे साडेदहा वाजले होते. लॉकरिजनी वाक्य पूर्ण केलं, पंचांना लवून नमस्कार केला आणि मुलीबरोबर निघून गेले. डुकरांचा खटला इफ्रेमने पुढे चालवला आणि जिंकला. वकील म्हणून त्याचा तो पहिला विजय. वहीतलं पहिलं कात्रण त्याचंच. त्या संध्याकाळी तो तिला भेटायला गेला तेव्हा ती अंगणात सफरचंदं चिरत होती. तिने वर पाहिलं नाही. सगळ्यांना माहीत होतं, ती म्हणाली. महिनाभर सगळ्यांना माहीत होतं, आणि कुणी सांगितलं नाही. “तूसुद्धा नाही, इफ.” तो म्हणाला होता, पुन्हा असं होणार नाही. चोविसाव्या वर्षी माणूस वचन देतो तेव्हा ते नेमकं कोणाबद्दल, हे बघत नाही.

बंबाच्या खोलीपाशी गर्दी होती. खिडकीच्या अलीकडे टोबायस मिंक गठ्ठा काखेत घेऊन उभा होता. हा माणूस पक्षाच्या चिठ्ठीला बायबलच्या खालोखाल मानायचा, आणि जज्जसाहेबांच्या पेन्सिलीवर अठरा वर्षं रुसलेला होता. जज्जसाहेबांनी त्याच्या काखेतून मूठभर चिठ्ठ्या ओढल्या आणि एकेक उलगडायला सुरुवात केली. इफ्रेम एल. वेदरल. इफ्रेम एल. वेदरल. त्यांनी गठ्ठ्याच्या मधून घेतल्या, तळातून घेतल्या. टोबायस ओरडत राहिला, की अरे घड्या मोडतोयस, वहिनीने एवढ्या मेहनतीने घातल्यात. वीस पाहिल्या, चाळीस पाहिल्या. प्रत्येकीवर त्यांचं नाव जसं छापलं होतं तसंच होतं. कुठे पट्टी नाही, कुठे वास नाही.

चाळिसावी चिठ्ठी हातात घेऊन ते तिथेच उभे राहिले. काल तिच्यासमोर दोन हजार चिठ्ठ्या होत्या, हाताशी खळ होती, शेजारच्या खोलीत नवरा पेंगत होता. मनात आणलं असतं तर निवडणूक तिच्या मुठीत होती. तिने एकाच चिठ्ठीला हात लावला, आणि तीही अशा माणसाच्या, जो ते नाव नाहीतरी खोडणारच होता. निकालात काडीचा फरक पडणार नव्हता. म्हणजे ती पट्टी पेटीसाठी नव्हतीच. तोंडाने तिला सांगता आलं नसतं. सांगितलं असतं तर त्यांनी एखादी गोष्ट सांगून तिला हसवलं असतं, हे तिला माहीत होतं. जवळपास चाळीस वर्षं ती ज्या खळीने त्यांना जोडत आली, त्याच खळीने तिने एवढंच सांगितलं होतं, आता थांब. आणि आपण रस्ताभर तिला फसवी ठरवत आलो. जज्जसाहेबांना लाज वाटली. लाजेच्या मागोमाग इतकी माया दाटून आली की त्यांना खांबाला टेकावं लागलं. भीती होतीच. पण ती आता एकट्याची नव्हती.

टोबायसला वाटलं चक्कर आली. त्याने त्यांना पायरीवर बसवलं आणि पुढचा बेत सांगायला घेतला. बेत दरवेळचाच. बारा वाजता उत्तरेकडच्या गाड्या येतील, तेव्हा जज्जसाहेबांनी या पायऱ्यांवर उभं राहायचं. शेतकऱ्यांना पक्ष कळत नाही, हात कळतो. त्यांच्या बापांची मृत्युपत्रं, त्यांच्या पोरांची लग्नं याच हाताखालून गेलेली. तो हात हातात घेतला की ते चिठ्ठी न उघडता खिडकीत देतात. या खेपेला मामला चुरशीचा आहे, क्लाइनहान्स त्यांच्याच भाषेत बोलतो.

“मी उभा राहणार नाही, टोबायस,” जज्जसाहेब म्हणाले.

“मग पडशील.”

“बहुतेक.”

“बहुतेक नाही, दोनशेने पडशील.” टोबायसने आवाज खाली आणला. “इफ, काय झालंय? वहिनीचं काही?”

“तिची तब्येत ठणठणीत आहे. बुद्धीही ठणठणीत आहे.” ते उठले. “तू मात्र मलाच मत दे. तुझा पक्ष मी मोडला असं नको व्हायला.”

खिडकीपाशी रांगेत त्यांच्या पुढे ऑगस्ट क्लाइनहान्स उभा होता. रुंद खांद्यांचा, चाळिशीचा माणूस. एके काळी चार वर्षं तो जज्जसाहेबांच्या कचेरीत त्यांच्याच पुस्तकांतून कायदा शिकला होता, आणि त्यांच्याच शेगडीत लाकडं घालत होता. त्याने आपल्या पक्षाची चिठ्ठी भिंतीवर धरली होती आणि तिच्यावर पेन्सिलीने काहीतरी खोडत होता. जज्जसाहेबांनी खांद्यावरून डोकावलं. त्याने स्वतःचं नाव खोडायला नुकती सुरुवात केली होती. गुरूची पेन्सिल चेल्याने उचलली होती, दुसरं काय.

“ऑगस्ट,” ते म्हणाले, “थांब. नवी चिठ्ठी घे आणि आज स्वतःला मत दे.”

क्लाइनहान्स वळला. त्याचे कान लाल झाले. “ते शोभत नाही, जज्जसाहेब. तुम्हीच शिकवलंत.”

“सगळंच बरोबर शिकवलं असं नाही.” ते म्हणाले, “कोर्टात माझ्या खुर्चीच्या उजव्या बाजूला कॅलेंडर नाही. पहिल्या दिवशी एक टांगून घे. वार विचारायच्या आधी त्याच्याकडे बघायचं, मग बाईकडे. आणि तू चुकतोयस असं कारकुनाला वाटलं तर त्याने ते तोंडावर सांगायचं, हे त्याला पहिल्याच आठवड्यात सांग. मी अठरा वर्षांत सांगितलं नाही.”

क्लाइनहान्स हुशार होता. हुल्डा ड्रेसबाखची गोष्ट त्याच्या पक्षाने पेपरात छापायला मागितली होती आणि त्याने छापू दिली नव्हती, हे जज्जसाहेबांना ठाऊक होतं. त्याने टोपी काढून हातात घेतली, आणि मग आपल्या माणसाकडून नवी चिठ्ठी मागून घेतली. ती त्याने न खोडता आत दिली. खिडकीतल्या माणसाने पुढचं नाव पुकारलं, इफ्रेम वेदरल. जज्जसाहेबांनी जाकिटाच्या खिशातून चिठ्ठी काढली. ती त्यांनी पुन्हा उलगडली नाही. सहा वेळा त्यांनी असंच विरुद्ध मत दिलं होतं. ते सभ्यपणाचं मत होतं, फुकटचं, आपण निवडून येणार या खात्रीने दिलेलं. त्याची किंमत कधी पडली नव्हती. आज ती पडणार होती. चिठ्ठी पेटीत पडली तेव्हा बोटांना लवंगेचा वास तेवढा राहिला.

घरी जायला त्यांनी मागची वाट धरली, कारण पुढच्या रस्त्याने उत्तरेकडच्या गाड्या यायला लागल्या होत्या आणि हात हलवणाऱ्यांना हात हलवला असता तर पुन्हा मोह झाला असता. चाकांचा आवाज येत होता. कुणीतरी जर्मनमध्ये मोठ्याने हसलं. उद्यापासून काय, हा प्रश्न होता. जानेवारीपर्यंत कोर्ट होतं, मग नव्हतं. मग अंगण, शेगडी आणि एकेक करून निसटत जाणारे शब्द. एक दिवस बहुतेक बाजूच्या खुर्चीत बसून कुणीतरी त्यांनाच विचारेल, अडीच डझन अंडी म्हणजे किती. तो दिवस त्यांनी मनाशी नीट बघून घेतला. त्यात विचारणारी लव्हिना होती, आणि ती उत्तर पेपरात छापणार नव्हती, एवढं कळल्यावर पावलं थोडी हलकी पडली. गल्लीच्या तोंडाशी ते क्षणभर थांबले. घर डाव्या हाताला. आठवलं.

लव्हिना पुढच्या ओसरीत उभी होती. अंगात घरचाच झगा आणि एप्रन, पण डोक्यावर बाहेर जायची टोपी होती, तिच्या फिती हनुवटीखाली बांधलेल्या होत्या, आणि एका हातात हातमोजा चढवलेला होता. इस्त्रीचे कपडे तसेच पडले होते ते दारातून दिसत होतं. ती कुठे निघाली आहे हे त्यांना विचारावं लागलं नाही. अशीच ती एकदा निघाली होती. फक्त तेव्हा टोपी घालायला वेळ मिळाला नव्हता.

“बारा वाजता तू पायऱ्यांवर असतोस,” ती म्हणाली.

“आज नाही.”

तिने त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग जाकिटाच्या खिशाकडे. “मत दिलंस?”

“दिलं,” ते म्हणाले. “तुझं दिलं.”

तिने हातमोजा काढायला घेतला. तो निघेना, म्हणून त्यांनी पुढे होऊन एकेक बोट सोडवलं, मग फितीची गाठ सोडवली. तिची हनुवटी थरथरत होती. एकोणचाळीस वर्षांत त्यांनी तिला तीनदाच रडताना पाहिलं होतं. चौथ्यांदा पाहायला लागू नये म्हणून, की खरंच भूक लागली म्हणून, त्यांनी विचारलं, “जेवण तयार आहे का?”

लव्हिनाने टोपी काढली आणि एप्रनने डोळे पुसले.

“नाही,” ती म्हणाली. “अजून बटाटेसुद्धा सोलले नाहीत. तू लवकर आलास, इफ.”